निळी टोपी, परका मुलूख आणि मनाची गाठ

मैत्रिणींनो, नोकरी आणि घर यांची ओढाताण आपल्याला काही नवी नाही. सकाळचे डबे, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, आणि पुन्हा दहाच्या ठोक्याला कामावर हजर! पण समजा, हे कामाचं ठिकाण चार गल्ल्या सोडून नाही, सातासमुद्रापलीकडे आहे. भाषा वेगळी, हवा वेगळी, माणसं वेगळी. अंगावर पोलिसी गणवेश, डोक्यावर निळी टोपी, आणि रात्री अनोळखी शहरातून गस्त. घर दिसायचं ते कित्येक महिन्यांनी. अशा नोकरीत माणसाचं मन लागतं तरी कसं? पाट्या टाकून दिवस ढकलणं सोपं, पण जीव ओतून काम करणारी माणसं तिथेही असतात. ती तशी का असतात?

प्रश्न दूरचा वाटेल. पण आज आपल्या गावातल्या मुलीही पहाटे मैदानावर धावताना दिसतात, पोलीस भरतीची तयारी करतात. महाराष्ट्रात महिलांसाठी पोलीस भरतीत तीस टक्के जागा राखीव आहेत. उद्या तुमचीच मुलगी, भाची किंवा सून म्हणाली, की "आई, मला शांतिसेनेच्या पोलिसांत निवडलंय, वर्षभर आफ्रिकेत जायचंय," तर तुम्ही काय म्हणाल? नुसतं "नको गं बाई" म्हणण्याआधी हे काम काय असतं आणि त्यात माणसाला काय धरून ठेवतं, हे समजून घेतलेलं बरं.

सैनिक वेगळे, पोलीस वेगळे

संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना म्हटली की डोळ्यापुढे बंदूकधारी जवान येतात. पण १९६० साली काँगोत शांतिसेना गेली, तेव्हापासून तिच्याबरोबर पोलीसही जात आले आहेत. त्यामागे साधे व्यवहारज्ञान आहे. युद्ध थांबवायला सैन्य लागते. पण युद्ध थांबल्यावर बाजार सुरू व्हावा, मुलांनी शाळेत जावे, बाईने संध्याकाळी निर्धास्तपणे पाणी भरून आणावे, यासाठी लागतो तो पोलीस. आणि ज्या देशात यादवी झालेली असते, तिथल्या पोलिसांवर लोकांचा विश्वास उरलेला नसतो. कधी कधी तर लुटणाऱ्यांत तेच सामील असतात! म्हणून बाहेरचे पोलीस बोलवायचे, आणि त्यांनी तिथल्या पोलिसांना पुन्हा उभे करायचे.

हे पोलीस दोन प्रकारे जातात. काही एकेकटे जातात. अनेक देशांतले अधिकारी एका ठिकाणी जमतात, आणि ते बहुधा विनाशस्त्र राहून तिथल्या पोलिसांना सल्ला देतात, शिकवतात. त्यासाठी पोलिसातला काही वर्षांचा अनुभव लागतो. भाषेची, गाडी चालवण्याची परीक्षा द्यावी लागते. दुसरा प्रकार म्हणजे एकाच देशाची सुमारे सव्वाशे-दीडशे जणांची सबंध तुकडी. ती आपली हत्यारे, गाड्या, तंबू, भांडीकुंडी घेऊन जाते, एकत्र राहते, एकत्र जेवते. दंगल आवरणे, गस्त घालणे, महत्त्वाच्या जागी पहारा देणे ही कामे तिच्याकडे असतात. अशा तुकड्या १९९९ साली कोसोव्होत आणि पूर्व तिमोरमध्ये प्रथम पाठवल्या गेल्या.

माहेर एक, सासर दुसरं

आता यातली मेख बघा. या पोलिसाची नोकरी असते आपल्या देशाच्या पोलीस दलात. पगार तिकडचा, बढती तिकडची, पेन्शन तिकडचे. पण काम करायचे ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोहिमेचे, तिथल्या वरिष्ठांच्या हुकमाने, तिथल्या नियमांनी. म्हणजे माहेर एक, सासर दुसरं! आणि दोन्हीकडचे रीतिरिवाज वेगळे. एका देशात पोलिसाने वरिष्ठांपुढे ब्र काढायचा नसतो, दुसऱ्या देशात मोकळेपणाने मत सांगणे हीच शिस्त मानतात. पाच देशांचे पाच पोलीस एका जीपमध्ये बसले, की साधी तक्रार कशी लिहून घ्यायची यावरही पाच मते होतात.

अशा माणसाची निष्ठा कुणाकडे? आपल्याला तर हे सांगायलाच नको. माहेरची ओढ असूनही सासर आपलं करता येतं, पण कधी? सासरी मान मिळाला, कामाची कदर झाली, आणि माहेरचा आधार तुटला नाही तर! या पोलिसांचेही तसेच असते. ज्याला मायदेशातल्या दलाचा पाठिंबा आहे, त्याचे मन परक्या मोहिमेतही लागते. "तिकडे गेलास, इकडची बढती हुकली" अशी धास्ती ज्याच्या मागे आहे, त्याचा एक डोळा सतत परतीच्या तारखेवर राहतो.

बांधिलकीचे तीन धागे

माणूस आपल्या कामाला का चिकटून राहतो, याचा अभ्यास करणारे शास्त्र आहे. कॅनडातल्या जॉन मायर आणि नॅटली अॅलन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली मांडलेला विचार त्यात फार प्रसिद्ध आहे. त्यांनी बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिला मायेचा धागा, दुसरा हिशोबाचा आणि तिसरा कर्तव्याचा.

मायेचा धागा म्हणजे "मला इथे राहावंसं वाटतं." काम आवडते, माणसे आवडतात, संस्था आपली वाटते. हिशोबाचा धागा म्हणजे "सोडून गेले तर नुकसान होईल." पगार, भत्ता, इतक्या वर्षांची नोकरी, यांचा विचार. आणि कर्तव्याचा धागा म्हणजे "सोडून जाणं बरं नव्हे." शब्द दिलाय, देशाचं नाव आहे, बरोबरच्यांना तोंडघशी कसं पाडायचं?

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आमचा संसार या तीन धाग्यांवरच तर चाललाय! अगदी खरं. पण अभ्यासकांचे एक म्हणणे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिन्ही धाग्यांनी माणूस टिकतो, पण टिकणे आणि मनापासून काम करणे यांत फरक आहे. निव्वळ हिशोबावर टिकलेला माणूस नेमून दिलेले तेवढेच करतो. मायेने टिकलेला न सांगितलेलेही करतो. मोलकरणीपासून मॅनेजरपर्यंत हा अनुभव सगळीकडे सारखाच, नाही का?

मोनरोव्हियाच्या रस्त्यावर आपल्या मुली

हे तिन्ही धागे कसे विणले जातात, त्याचे एक उदाहरण आपल्या देशातलेच आहे.

पश्चिम आफ्रिकेत लायबेरिया नावाचा छोटा देश आहे. तिथे १९८९ ते २००३ या काळात दोन यादवी युद्धे झाली. सुमारे अडीच लाख माणसे त्यात गेली, असे म्हणतात. स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांना तर सीमाच नव्हती. अखेर तिथल्या बायकांनीच पुढाकार घेतला. लेमा बोवी या समाजसेविकेच्या पाठोपाठ ख्रिस्ती आणि मुसलमान बायका पांढरे कपडे घालून रस्त्यावर बसल्या, आणि त्यांनी शांततेच्या बोलणीचा आग्रह धरला. २००३ साली युद्ध थांबले, संयुक्त राष्ट्रसंघाची मोहीम आली. २००६ च्या जानेवारीत एलन जॉन्सन सरलीफ अध्यक्ष झाल्या. आफ्रिकेत निवडणुकीने अध्यक्ष झालेल्या त्या पहिल्या स्त्री. या दोघींना २०११ साली शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

अशा या देशाच्या राजधानीत, मोनरोव्हियात, २००७ च्या जानेवारीअखेर भारतातून एक पोलीस तुकडी उतरली. शंभरावर पोलीस, आणि सगळ्या स्त्रिया! संयुक्त राष्ट्रसंघाच्या इतिहासातली ही पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी. केंद्रीय राखीव पोलीस दलाने तिची उभारणी केली होती आणि पहिल्या तुकडीच्या प्रमुख होत्या कमांडंट सीमा धुंडिया. वाहने, दुरुस्ती, स्वयंपाक अशा मदतीच्या कामाला काही पुरुष कर्मचारी बरोबर होते. (हो, स्वयंपाकालाही! वाचून जरा बरं वाटलं ना?)

या मुली नवशिक्या नव्हत्या. केंद्रीय राखीव पोलीस दलाची पहिली महिला बटालियन १९८६ सालीच उभी राहिली होती. देशातल्या अशांत भागांत काम करून आलेल्या या बायका. त्यांतल्या कितीतरी जणी लहान मुलांच्या आया होत्या. मुलांना आजीकडे, नवऱ्याकडे, जावेकडे सोपवून त्या आल्या होत्या.

मोनरोव्हियात त्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयावर पहारा दिला, दंगलीच्या वेळी जमाव आवरला, आणि रात्री स्थानिक पोलिसांबरोबर गस्त घातली. ज्या वस्तीत विजेचे दिवे नव्हते तिथे हत्यारबंद बायकांची तुकडी रात्री फिरते आहे, हे दृश्यच तिथल्या स्त्रियांना नवे होते. शिवाय फावल्या वेळात त्यांनी तिथल्या मुलींना स्वसंरक्षणाचे धडे दिले, शाळेला मदत केली, दवाखान्याची सोय लोकांना खुली केली.

दरवर्षी एक तुकडी परत यायची, दुसरी जायची. अशा एकूण नऊ तुकड्या गेल्या. २०१४ साली लायबेरियात इबोलाची भयंकर साथ आली, हजारो माणसे दगावली. त्या दिवसांतही भारतीय महिलांचा तळ तिथे होता. अखेर २०१६ च्या फेब्रुवारीत शेवटच्या तुकडीने निरोप घेतला. लायबेरियाच्या सुरक्षा दलांत स्त्रियांचे प्रमाण या काळात सहा टक्क्यांवरून सतरा टक्क्यांवर गेले, आणि आपल्या मुलींच्या उदाहरणाचा त्यात मोठा वाटा होता, असे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीरपणे म्हटले.

मन लागतं ते कशामुळे?

या आणि अशा इतर मोहिमांकडे पाहिले, की काही गोष्टी स्पष्ट दिसतात.

पहिली गोष्ट, कामाचा उपयोग डोळ्यांना दिसायला हवा. शांतिसेनेतले पुष्कळसे काम कंटाळवाणे असते. पहारा, अहवाल, पुन्हा पहारा. पण गस्त घालताना एखादी बाई दार उघडून बाहेर येते, बोलते, तेव्हा आपण इथे का आलो याचे उत्तर मिळते. मायेचा धागा इथे पडतो. अफगाणिस्तानात संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोहिमेत काम केलेल्या जम्मू-काश्मीर पोलिसांच्या शक्ती देवी यांचे उदाहरण घ्या. त्यांनी तिथल्या महिला पोलिसांना एकत्र आणून त्यांच्या परिषदा उभ्या करायला मदत केली. २०१४ साली आंतरराष्ट्रीय महिला शांतिरक्षक पोलीस अधिकाऱ्याचा पुरस्कार त्यांना मिळाला. हा पुरस्कार २०११ साली सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षी तो पाकिस्तानच्या शहजादी गुलफाम यांनी पूर्व तिमोरमधल्या कामासाठी मिळवला. सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची, दोघी एकाच निळ्या टोपीखाली!

दुसरी गोष्ट, पैशाचा आणि सुट्टीचा शब्द पाळला गेला पाहिजे. "देशसेवेला पैसा कशाला मोजायचा?" असे म्हणणारे स्वतः घरी बसलेले असतात. इथला व्यवहार समजून घ्या. सबंध तुकडी जाते तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघ माणसामागे ठराविक रक्कम देतो, पण ती सरकारला. २०१८ साली हा दर दरमहा १,४२८ डॉलर ठरला होता. तुकडीतल्या पोलिसाला काय द्यायचे ते त्याचे सरकार ठरवते. एकेकट्या जाणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र राहण्या-जेवण्याचा भत्ता संयुक्त राष्ट्रसंघ थेट देतो. त्यामुळे एकाच शहरात, एकाच उन्हात उभ्या असलेल्या दोघांच्या हातात पडणारे पैसे सारखे नसतात. आणि तुलना ही माणसाच्या स्वभावातच आहे; दोन जावांना आणलेल्या साड्यांत फरक निघाला तर काय होतं, ते का सांगायला हवं?

हिशोबाचा धागा तुटला तर काय होते, ते मालीत दिसले. तिथल्या शांतिसेनेतल्या चाड देशाच्या दीडशेच्या आसपास सैनिकांनी २०१३ च्या सप्टेंबरात आपले ठाणे सोडले. आम्हाला बदली मिळत नाही, ठरलेले पैसे मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार. ते पोलीस नव्हते, सैनिक होते; आणि लढाईत ते कच्चे होते असेही नाही. पण दिलेला शब्द पाळला गेला नाही, की शूर माणूसही पाठ फिरवतो.

तिसरी गोष्ट, वरिष्ठाची वागणूक. रजेच्या यादीत वशिला नाही, चांगले काम केले की नाव घेतले जाते, चूक झाली तर सगळ्यांदेखत पाणउतारा होत नाही. परक्या मुलखात वरिष्ठ हाच वडीलधारा असतो. तो नीट असला की कर्तव्याचा धागा आपोआप घट्ट होतो. मोहिमेत ठराविक दिवस सेवा झाली, की संयुक्त राष्ट्रसंघाचे पदक समारंभाने छातीवर लावतात. पदक ते केवढे! पण त्या दिवसाचा फोटो घरोघरच्या भिंतीवर लागतो, तो उगीच नाही.

चौथी गोष्ट, बरोबरची माणसे. महिला तुकडीचे हेच बळ होते. एकीच्या मुलाला ताप आल्याचा निरोप आला, तर दुसरीला न सांगता कळते. एकत्र जेवण, एकत्र सण. एकेकट्या गेलेल्या अधिकाऱ्याला हे मिळत नाही; त्याने ते हळूहळू मिळवायचे असते.

ऐकून घेतलं नाही तर?

मैत्रिणींनो, आता एक कडू गोष्टही सांगायला हवी. कारण बांधिलकी म्हणजे मुकाट्याने सोसणे, असा गैरसमज आपल्याकडे फार आहे.

कॅथरिन बोल्कोव्हाक ही अमेरिकेतल्या नेब्रास्काची पोलीस अधिकारी, तीन मुलांची आई. १९९९ साली ती एका खाजगी कंपनीमार्फत बोस्नियात संयुक्त राष्ट्रसंघाच्या पोलीस मोहिमेत गेली. तिथे तिला दिसले, की पूर्व युरोपातून फसवून आणलेल्या मुलींना वेश्याव्यवसायात डांबले जात आहे, आणि गिऱ्हाइकांमध्ये काही परदेशी पोलीसही आहेत. म्हणजे ज्यांना रक्षणासाठी पाठवले तेच! तिने वरिष्ठांना लिहिले. परिणाम काय? तिलाच कामावरून काढले. ती गप्प बसली नाही, ब्रिटनमधल्या लवादाकडे गेली, आणि २००२ साली लवादाने तिला काढणे बेकायदा ठरवले. तिच्या अनुभवावर २०१० साली एक चित्रपटही निघाला.

आता सांगा, बांधिलकी कुणाची खरी? गप्प राहून नोकरी टिकवणाऱ्यांची की हिची? तिची निष्ठा कामाच्या हेतूशी होती. आणि जेव्हा संस्था अशा माणसालाच बाहेर काढते, तेव्हा मागे राहिलेल्या चांगल्या माणसांचा मायेचा धागाही तुटतो. ते राजीनामा देत नाहीत, पण आतून निघून गेलेले असतात. २००३ साली संयुक्त राष्ट्रसंघाने आपल्या माणसांनी केलेल्या लैंगिक शोषणाविरुद्ध कडक नियम जाहीर केले. ते पूर्वीच असते तर! नियम कागदावर असणे आणि तक्रार करणाऱ्या बाईच्या पाठीशी कुणी उभे राहणे, यात अंतर आहे, आणि ते अंतर अजून पुरते मिटलेले नाही.

महिला तुकडीच्या कौतुकातही एक गोम आहे. दिवसभराची ड्यूटी झाल्यावर शाळा, दवाखाना, मुलींचे वर्ग ही कामे त्यांनी केली. मनापासून केली, यात शंका नाही. पण पुरुषांच्या तुकडीकडून कुणी इतक्या सहजपणे ही अपेक्षा करील का? बाई म्हटली की तिने पहाराही द्यावा आणि मायाही द्यावी! घरी येऊन दुसरी पाळी करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकीला हे पटेल. मायेने केलेले जादा काम गृहीत धरले जाऊ लागले, की माया आटते. त्याची नोंद व्हायला हवी, त्याचा मोबदला, निदान विश्रांती तरी मिळायला हवी.

आणि घर?

या सगळ्यात सर्वांत जास्त वजन कशाचे, असे विचाराल तर मी म्हणेन, घराचे. घरून "तू तिकडे मजेत, इथे आम्ही मरतोय" असे ऐकू आले, की हजारो मैलांवरचे मन कामातून उडते. "सगळं ठीक आहे, तू तुझं बघ" हे चार शब्द भत्त्यापेक्षा जास्त मोलाचे. पुरुष ड्यूटीवर गेला की बायको घर सांभाळते, त्याचे कुणाला नवल वाटत नाही. बाई गेली की मात्र गल्लीभर चर्चा! "मुलांना टाकून गेली" हे वाक्य तिच्या नवऱ्याबद्दल कुणी कधी म्हणाले असते का?

स्त्रियांनी या कामात यावे, असा आग्रह २००० साली सुरक्षा समितीच्या १३२५ क्रमांकाच्या ठरावाने धरला. २०२८ सालापर्यंत एकेकट्या जाणाऱ्या पोलिसांत तीस टक्के आणि तुकड्यांमध्ये वीस टक्के स्त्रिया असाव्यात, असे संयुक्त राष्ट्रसंघाचे उद्दिष्ट आहे. आकडे न्यूयॉर्कमध्ये ठरतात, पण ते पुरे होणार की नाही हे ठरते आपल्यासारख्यांच्या स्वयंपाकघरात. लायबेरियाला गेलेल्या प्रत्येक आईमागे कुणीतरी आजी, सासू, नणंद उभी होती. त्यांना पदक मिळाले नाही, पण मोहिमेत त्याही होत्या.

तुमच्या घरातलं कुणी निघालं तर

मुलगी असो वा मुलगा, सून असो वा जावई, ही तयारी घरी बसून करता येईल.

• जाण्याआधी पैशाचा व्यवहार समोरासमोर बसून ठरवा. बँकेतल्या खात्यावर दुसऱ्याचे नाव, वारसाची नोंद, विम्याचे कागद, घराचे हप्ते, मुलांची फी, सगळे एका वहीत लिहून काढा. भत्ता हातात पडायला उशीर होऊ शकतो, म्हणून तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.

• बढती, रजा आणि परतल्यावरची नेमणूक याविषयी खात्याकडून जे सांगितले असेल ते लेखी मागून घ्या. तोंडी आश्वासने विमानतळापर्यंतच टिकतात!

• आफ्रिकेतल्या पुष्कळ देशांत जायला पीतज्वराची लस लागते. ती प्रवासाआधी निदान दहा दिवस घ्यावी लागते. तिचे कार्ड जपून ठेवा. परत येताना भारतातही ते दाखवावे लागते. हिवतापाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

• फोनची वेळ ठरवा. लायबेरियासारख्या देशाची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तासांनी मागे असते. आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिथले दुपारचे चार. रोज तासभर बोलण्यापेक्षा ठरलेल्या वेळी दहा मिनिटे बोलणे मुलांना जास्त धीर देते.

• फोनवर घरची किरकोळ भांडणे नकोत. पण गंभीर आजार लपवूही नका. एकदा लपवाछपवी कळली, की नंतर "सगळं ठीक आहे" यावर विश्वास बसत नाही.

• लहान मुलांना परतीची नक्की तारीख सांगू नका. बदलीची तुकडी उशिरा येते, विमाने लांबतात. "पावसाळा संपला की" असे सांगा.

• परत आल्यावर लगेच सत्कार, पूजा, पाहुणे नकोत. काही दिवस झोप आणि घरचं साधं जेवण. मुलेही जरा बुजतात, त्यांना वेळ द्या. घराची घडी तिच्याशिवाय बसलेली असते. ती आल्याबरोबर सगळा भार तिच्या अंगावर टाकू नका, आणि "आता आमचं आम्ही बघतो" म्हणून तिला पाहुणीही करू नका.

• तिकडे काय पाहिलं, हे लगेच खोदून विचारू नका. सांगावंसं वाटेल तेव्हा ऐका मात्र पूर्ण. झोप उडाली, चिडचिड वाढली, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही.

आणि निर्णयाच्या दिवशी तिला तीनच प्रश्न विचारा. तुला जावंसं वाटतं का? हिशोब नीट जुळतोय का? आणि दिलेला शब्द वर्षभर पाळता येईल का? तिन्हींची उत्तरे "हो" असली, तर बॅग भरायला बसा. कोपऱ्यात मेतकुटाची पुडी आणि लोणच्याची घट्ट झाकणाची बरणी ठेवायला विसरू नका. पण आधी सामानाचे नियम वाचा, नाहीतर बरणी विमानतळावरच राहायची!